'आज नको' म्हणणारा पायलट : जागृतीनगरची सात वर्षं आणि जुहूची शंभरीकडे निघालेली धावपट्टी

मंडळी, पोस्ट लांब आहे. रविवारी सकाळी चहाबरोबर वाचलीत तरी चालेल, पण वाचा.

आज २८ जून. मरोळ नाक्याहून मेट्रोत बसलं की साकीनाका, असल्फा, आणि तिसरं स्टेशन जागृतीनगर. सात वर्षांपूर्वी, २८ जून २०१८ ला भर दुपारी एकच्या सुमारास, या स्टेशनापासून जवळच एका बांधकामाच्या जागेवर बारा आसनी छोटं विमान कोसळलं. किंग एअर सी-९०, दोन इंजिनांचं. आधी ते उत्तर प्रदेश सरकारचं होतं, २०१४ मध्ये एका खासगी कंपनीने घेतलं. मोठ्या दुरुस्तीनंतर चाचणीसाठी ते जुहूवरून उडालं होतं आणि जुहूलाच परतत होतं. आत चार जण होते, दोन वैमानिक आणि देखभालीच्या कामातले दोघं. चौघंही गेले. पाचवा माणूस विमानात नव्हता, रस्त्याने चालला होता. बांधकामावरचे मजूर जेवायला गेले होते म्हणून आकडा पाचवर थांबला.

दोन आठवड्यांपूर्वी, १२ जूनला, अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं. विमानातल्या २४२ पैकी २४१ माणसं गेली, शिवाय खाली वसतिगृहात जेवायला बसलेली पोरं. तेव्हापासून आपल्याकडे वरून विमान गेलं की माणसं मान वर करून बघतायत. मरोळमध्ये ही सवय नव्हती. इथे विमानाच्या आवाजात फोनवरचं बोलणं तेवढ्यापुरतं थांबवायचं आणि आवाज गेला की पुढे बोलायचं, एवढंच आपलं आणि विमानाचं नातं. म्हणून म्हटलं, लोक वर बघतायत तोवर लिहावं.

आधी माझी एक चूक कबूल करतो. २०१८ च्या त्या संध्याकाळी मीही बातमी लिहिली होती. त्यात एक ओळ होती की वैमानिकांनी प्रसंगावधान दाखवून विमान मोकळ्या जागेकडे वळवलं आणि शेकडोंचे प्राण वाचवले. कुणी सांगितलं होतं? सगळे म्हणत होते. मोठे मोठे नेतेही तेच म्हणाले. मी कुणाला विचारलं नाही, विमानाचं काय झालं ते मला कळलं नव्हतं, पण ओळ लिहिली. वाचणाऱ्यालाही बरं वाटलं, लिहिणाऱ्यालाही.

नंतर विमान अपघात अन्वेषण ब्युरोचा अहवाल आला. त्याचा सारांश असा की खराब हवामानात विमान कमी उंचीवर 'स्टॉल' झालं आणि सावरायला उंची उरली नव्हती.

स्टॉल म्हणजे गाडीसारखं इंजिन बंद पडणं नव्हे. माझाही तोच समज होता. आमच्या बाजूच्या बिल्डिंगमध्ये एक काका राहतात, विमानांच्या देखभालीत हयात गेली. त्यांनी जेवणाच्या टेबलावर ताट तिरकं धरून समजावलं. पंखावरून हवा नीट वाहत असते तोवर पंख विमान उचलून धरतो. नाक फार वर केलं, वेग फार कमी झाला, की हवा पंखाला चिकटून राहत नाही, सुटते. इंजिन चालू असतं, पण पंख उचलत नाही. अशा वेळी करायचं काय? नाक खाली करायचं, वेग घ्यायचा, मग वर यायचं. म्हणजे उंची खर्चून वेग विकत घ्यायचा. हजारो फूट उंचीवर हे शिकाऊ पोरंही करतात, तो अभ्यासाचाच भाग असतो. काहीशे फुटांवर खिशात उंचीच नसते. खर्चणार काय?

आणि वळण. विमान वळताना तिरकं होतं, तेव्हा पंखावरचा भार वाढतो. ४५ अंश तिरकं झालं तर स्टॉलचा वेग साधारण १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशाला ४१ टक्क्यांनी. म्हणजे सरळ उडताना जो वेग पुरेसा असतो तोच घट्ट वळणात कमी पडतो. उतरायच्या आधी धावपट्टीच्या रेषेत यायला जे शेवटचं वळण घ्यावं लागतं, ते जगभर छोट्या विमानांचं मारेकरी वळण मानलं जातं ते यामुळेच. वैमानिकाला वाटतं, वळण थोडं चुकलंय, जरा जास्त वळवू. तिथेच घात होतो.

काकांना मी विचारलं, मग करायचं काय? म्हणाले, "सोडून द्यायचं. परत वर जायचं, फेरी मारायची, पुन्हा यायचं. फेरी मारली म्हणून कुणाची नोकरी जात नाही. जाऊ नये, असं म्हणू."

हे "जाऊ नये, असं म्हणू" माझ्या डोक्यात बसलं. आणि मग मी जुहूचा इतिहास वाचायला घेतला.

जुहूचा विमानतळ १९२८ चा. देशातला पहिला नागरी विमानतळ म्हणून त्याची ओळख आहे, तीन वर्षांत शंभरी. समुद्राकाठची सपाट, खाऱ्या चिखलाची जमीन. तिथल्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकून जे.आर.डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ ला देशातला एक नंबरचा वैमानिक परवाना मिळवला. १५ ऑक्टोबर १९३२ ला ते कराचीहून पहाटे टपाल घेऊन निघाले. एका इंजिनाचं पस मॉथ, रेडिओ नाही, खालून मार्ग दाखवणारं काही नाही. अहमदाबादला बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतलं इंधन भरलं आणि दुपारी जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. एअर इंडियाची सुरुवात ही.

इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं कमी सांगितलं जातं. पावसाळ्यात जुहूचा चिखल व्हायचा. मग ही मंडळी काय करायची? आपलं बस्तान उचलून पुण्याला न्यायची. पावसाळाभर मुंबईचं टपाल पुण्याहून उडायचं. टपाल मात्र बंद पडलं नाही. पहिल्या वर्षी सह्याद्रीवरच्या पावसातही टपालाची वेळ चुकली नाही, असं सरकारी अहवालानेच नोंदवलं.

मला यात फार मोठी गोष्ट दिसते. ही माणसं भित्री नव्हती. रेडिओशिवाय घाट ओलांडणारा माणूस भित्रा कसा असेल? पण जिथे उतरता येणार नाही तिथे उतरायचा हट्ट त्यांनी धरला नाही. जमीन आणि ऋतू काय म्हणतात ते ऐकलं आणि वेळापत्रक त्याप्रमाणे बसवलं.

आज जुहूला पक्की धावपट्टी आहे, नियंत्रण मनोरा आहे, विमानात यंत्रं आहेत. चिखल गेला. पण दुसरी अडचण आली, ती म्हणजे शेजार. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांताक्रूझचा लष्करी विमानतळ वाढला आणि १९४८ पासून मोठी नागरी विमानं तिकडे गेली. दोन विमानतळ हाकेच्या अंतरावर आणि मुख्य धावपट्ट्या जवळपास एकाच दिशेच्या. जुहूची सुमारे ११०० मीटर, सांताक्रूझची साडेतीन किलोमीटरच्या आसपास.

याचा परिणाम काय झाला पाहा. १५ जुलै १९५३ ला बीओएसीचं कॉमेट, म्हणजे त्या काळातलं जगातलं सगळ्यात आधुनिक जेट, सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. नशीब बलवत्तर, कुणाला काही झालं नाही, आणि काही दिवसांनी ते तिथूनच उडवून नेलं. एवढं झाल्यावर पुन्हा असं होणार नाही असं तुम्हाला वाटेल. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ पुन्हा जुहूलाच उतरलं. या वेळी धावपट्टी पुरली नाही, विमान पुढे घुसलं आणि कायमचं निकामी झालं. माणसं वाचली. आपल्याकडचे जुने लोक ही गोष्ट हसत सांगतात. हसण्यासारखी आहेही. पण तिचा धडा साधा आहे. समोर धावपट्टी दिसली की डोळे म्हणतात "हीच ती", आणि मग यंत्र काय सांगतंय ते माणूस बघत नाही. उतरायची घाई झालेल्या माणसाला जे हवं तेच दिसतं.

काही वेळा किंमत भयंकर मोजावी लागली. ७ जुलै १९६२ च्या रात्री सांताक्रूझला उतरायच्या तयारीतलं अलितालियाचं विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. आपण मुंबईच्या जास्त जवळ आलोय, या समजुतीत ते वेळेआधी खाली आलं होतं. ९४ माणसं गेली. १ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' वांद्र्यासमोर समुद्रात पडलं, २१३ माणसं. विमान किती तिरकं झालंय हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं यंत्र बिघडलं होतं, बाहेर समुद्रावर काळोख, क्षितिज दिसायची सोय नाही. सरळ चालल्याची भावना खरी वाटत होती आणि विमान कलत होतं. १२ ऑक्टोबर १९७६ ला सांताक्रूझहून मद्रासला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या कॅराव्हेलचं इंजिन फुटलं, आग लागली, परत धावपट्टीवर येता येता ते कोसळलं, ९५ जण. त्या विमानाचाही क्रमांक १७१ होता. योगायोग आहे, त्यात काही शोधू नका.

तुम्ही म्हणाल, ही सगळी मोठी विमानं, छोट्यांशी काय संबंध? संबंध आहे. मोठ्या विमानात दोन-दोन वैमानिक, राखीव यंत्रणा, कंपनीचे नियम आणि प्रत्येक उड्डाणाची नोंद, एवढी कवचं असतात. छोट्या विमानात यातली बरीच कवचं नसतात, हवा मात्र तीच असते. काळोख तोच, ढग तोच, कान आणि डोळे फसतात तेही तसेच.

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. नुसत्या नजरेने उडवणारे, यंत्रांवर उडवायचं प्रशिक्षण नसलेले वीस वैमानिक घेतले आणि त्यांना ढगात शिरल्यासारखी परिस्थिती दिली. विसाच्या वीस जणांचा विमानावरचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद. तीन मिनिटंही नाहीत! आपल्या कानातलं तोल सांगणारं पाणी फसवतं. वळत असताना सरळ वाटतं, सरळ असताना वळल्यासारखं. पावसाळी ढगात "जरा पुढे मोकळं असेल" म्हणून शिरणाऱ्याला हा हिशोब ठाऊक हवा. ज्यांना यंत्रांवर उडवता येतं त्यांनाही धोक्याची एक जागा उरतेच. ढगातून एकदम बाहेर आलं की नजर यंत्रावरून खिडकीबाहेर जाते, त्या क्षणी वेगाकडे कोण बघतंय?

नीट उतरायचं म्हणजे काय, हेही थोडक्यात सांगतो. धावपट्टीच्या रेषेत यायचं, तीन अंशांच्या उतारावर यायचं. एक नाविक मैल, म्हणजे १.८५ किलोमीटर पुढे जाताना सुमारे ३०० फूट खाली. ठरलेला वेग, ठरलेला उतार, चाकं बाहेर, आणि हे सगळं धावपट्टीच्या बरंच आधी स्थिर व्हायला हवं. नसेल, तर चर्चा नाही, परत वर. पुढे मोठं विमान उतरलं असेल तर त्याच्या पंखांच्या टोकांमागे हवेचे भोवरे राहतात. ते दिसत नाहीत, पण छोटं विमान उलटं करू शकतात, म्हणून अंतर ठेवायचं. आणि काही बिघडलं तर आधी विमान सांभाळायचं, मग दिशा बघायची, रेडिओवर बोलणं सगळ्यात शेवटी.

यातलं काहीच गुपित नाही. पहिल्या वर्षाच्या पोराला पाठ असतं. मग अपघात का होतात?

२०१८ च्या त्या दिवशी मुंबईत पाऊस होता. सहवैमानिकाच्या घरच्यांनी तेव्हा बातमीदारांना सांगितलं होतं की हवामान खराब आहे, उड्डाण होईलसं वाटत नाही, असं ती सकाळी म्हणाली होती. तरी उड्डाण झालं. आता पुन्हा माझ्या त्या ओळीकडे या. "वैमानिकांनी शेकडोंना वाचवलं." ज्या विमानाला पंख उचलून धरत नाहीत ते कुणी ठरवून कुठे नेत नाही. त्या वैमानिकांबद्दलचा माझा आदर यामुळे कमी होत नाही, वाढतोच. पण आपण त्यांना शूर म्हणून हार घातला आणि प्रश्न मिटवला. त्यांना शूर व्हायची वेळ कुणी आणली, चाचणी उड्डाण त्या दिवशी, त्या हवेत, त्या वस्तीवरून करायचं कुणी ठरवलं, "आज नको" म्हणायची मुभा त्यांना खरोखर होती का, हे विचारायचं राहून गेलं. मी बातमीदार, माझं कामच ते होतं. मीही विचारलं नाही.

त्यानंतर काय बदललं? १४ सप्टेंबर २०२३ ला विशाखापट्टणमहून आलेलं छोटं लिअरजेट मुंबईत मुसळधार पावसात उतरताना धावपट्टीवरून घसरलं आणि मोडलं. त्या वेळी ७०० मीटरपर्यंतचंच दिसत होतं. आठही जण जगले, ही कृपा. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीत चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं पडली. जुलै २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात शिकाऊ विमान पडून प्रशिक्षक गेला. आणि आपल्या अगदी मागच्या अंगणात, आरेत, ११ डिसेंबर २०१६ ला सहलीचं हेलिकॉप्टर पडलं, ते तर आपण विसरूनच गेलो.

मी मूळचा धुळ्याकडचा. मुंबईच्या फ्लाइंग क्लबचं शिकाऊ उड्डाण आता धुळ्याला होतं, मुंबईच्या आभाळात शिकाऊ पोरांना जागा उरली नाही. आमच्याकडे गोंदूरला विमान उडताना दिसलं की पोरं शेताच्या बांधावर उभी राहतात. त्यातल्या एखाद्याला पायलट व्हायचं असतं. बाप जमीन विकून किंवा कर्ज काढून पन्नासएक लाख उभे करतो. असं कर्ज डोक्यावर असलेला बावीस वर्षांचा पोरगा मालकाला "साहेब, आज पाऊस आहे, नको" म्हणू शकेल? ज्या दिवशी तो हे बेधडक म्हणू शकेल, त्या दिवशी छोटी विमानं सुरक्षित झाली असं मी मानेन. माझ्या लेखी नवं यंत्र त्यानंतर येतं.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. हवामानामुळे उड्डाण नाकारणाऱ्या वैमानिकाला कामावरून काढता येणार नाही, असं कागदावर हवं आणि ते पाळलं जातंय का, हे तपासणारा माणूस हवा. मोठ्या दुरुस्तीनंतरची चाचणी उड्डाणं पावसाळ्यात दाट वस्तीवरून होऊ नयेत. पूर्वी जुहूहून पुण्याला जाता येत होतं, तर आताही कुठेतरी जाता येईल. आणि अपघाताचे चौकशी अहवाल मराठीत, साध्या भाषेत, ज्या वस्तीवर विमान पडलं तिथल्या लोकांपर्यंत पोचावेत. जागृतीनगरच्या किती घरांनी तो अहवाल पाहिलाय?

आता आपल्या बाजूचं. बोट दाखवताना तीन बोटं आपल्याकडे असतात. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विमानतळाजवळच्या ४८ इमारतींचे उंचीची मर्यादा ओलांडलेले भाग पाडायला सांगितलं. ते मजले कुणी आकाशातून टाकले नव्हते. बिल्डरने बांधले, आपल्यातल्याच कुणी घेतले. गच्चीवर पाण्याची टाकी किंवा टॉवर वाढवताना सोसायटीने विमानतळाची परवानगी विचारली का? लग्नाच्या वरातीत लेझरचे झोत आभाळात मारू नका, उतरणाऱ्या वैमानिकाचे डोळे दिपतात. आकाशकंदील, पतंग यांचंही तेच. पोलीस दरवर्षी मनाई काढतात, आपण दरवर्षी विसरतो.

आणि कचरा. मरोळचा सुक्या मासळीचा बाजार आपला अभिमान आहे, तो राहिलाच पाहिजे, त्या मावशींना कुणी बोल लावू नये. प्रश्न न उचललेल्या कचऱ्याचा आहे, मासळीचा, चिकनच्या दुकानांचा, हॉटेलांचा. तो उघडा पडला की घारी आणि कावळे जमतात, आणि घारी नेमक्या त्याच उंचीवर घिरट्या घालतात जिथून विमानं उतरतात. पालिकेच्या गाडीने तो वेळेवर उचलला, तर विमानाची सुरक्षा मरोळच्या गल्लीतून सुरू होते.

काल काकांना ही पोस्ट वाचून दाखवली. ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे. एकच लिही. पाऊस थांबतो रे. माणसाने तेवढं थांबायचं असतं."

बाहेर पाऊस लागलाय. आत्ताच एक विमान उतरायला आलं आणि पुन्हा आवाज चढवून वर निघून गेलं. पूर्वी मी म्हटलं असतं, काय हा गोंधळ. आज मनातल्या मनात म्हटलं, शाबास.

२८ जून २०१८ ला जागृतीनगर, जीवदया लेन भागात कुणी होतं का? काय पाहिलंत, ते कमेंटमध्ये लिहा. गेलेल्या पाच जणांची आठवण फक्त त्यांच्या घरच्यांवर सोडायला नको.